मालिकेतली बायको आणि कारेगावची खोली

वरवंडला आमच्या गल्लीत टीव्ही होता तो शेजारच्या गुरुजींच्या घरी. संध्याकाळी घरगुती विनोदी मालिका लागायची. मी आणि माझी धाकटी बहीण तिथं पुढच्या रांगेत बसायचो. मालिकेतला नवरा ऑफिसातून यायचा, बेल वाजायची, आणि कडक इस्त्रीची साडी नेसलेली बायको हसत दार उघडायची. त्याची बॅग घ्यायची, पाणी द्यायची. तिला हिशोब जमायचा नाही, बँकेतली कामं कळायची नाहीत. ती काहीतरी वेडगळ बोलली की नवरा डोक्याला हात लावायचा आणि न दिसणारी माणसं खदखदा हसायची. भांडण झालं तरी शेवटी खीर असायचीच.

आमची आई तेव्हा दुसऱ्यांच्या कांद्यात मजुरीला जायची. ती घरी यायच्या आधी वडील येऊन बसलेले असत. त्यांना पाणी द्यायला दारात कुणी नसे. ते स्वतः रांजणातून घ्यायचे, आणि आई आली की म्हणायचे, "लई उशीर केला." मला आईची दया यायची आणि मालिकेतल्या बाईचा हेवा वाटायचा. मोठं होऊन आपण तसंच व्हायचं, असं मी आणि बहिणीनं ठरवूनच टाकलं होतं.

दौंडला बारावी झाली आणि वर्षभरात विहारासमोरच्या मांडवात माझं लग्न लागलं. नवरा मूळचा वडगाव रासाईचा, पण रांजणगावच्या एका कंपनीत ऑपरेटर होता. आम्ही कारेगावला एका ओळीतल्या आठ खोल्यांपैकी एक भाड्यानं घेतली. लग्नात भेट म्हणून टीव्ही आला होता. तो पत्र्याच्या कपाटावर बसला, आणि त्यावर ती मालिका अजून लागत होती.

पहिले काही महिने मी अगदी मनापासून मालिकेतल्यासारखी वागले. नवऱ्याची शिफ्ट सुटायच्या आधी साडी बदलायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, त्याच्या हातातली डब्याची पिशवी घ्यायची. तो खूश असायचा. म्हणायचा, "आपल्या आयांचं जे हाल झालं, ते तुझं न्हाई व्हायचं. मी कमवीन, तू घरात राहा." ते तो प्रेमानंच म्हणायचा. त्याच्या आईचं आयुष्य लोकांच्या उसात गेलं होतं.

पण एका खोलीचं काम ते किती! सकाळीच आवरून व्हायचं. मग मी उंबऱ्यावर बसून कंपन्यांच्या बस बघायचे. मालिकेतल्या बाईला कधी कंटाळा येत नसे, कारण ती पडद्यावर दिसायची तीच मुळी नवरा यायच्या वेळी. त्याच्याआधीचा अख्खा दिवस कुणी दाखवतच नव्हतं. तो दिवस माझ्या वाट्याला आला होता.

एकदा भाजी आणायला गेले तेव्हा एका कारखान्याच्या गेटवर फळा दिसला, महिला कामगार पाहिजेत. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"लोकं काय म्हणतील?" तो म्हणाला. "बायकोला पोसता येत न्हाई म्हणतील."

त्याच आठवड्यात मालिकेतल्या बायकोनं नोकरी धरली. दूध उतू गेलं, नवऱ्याच्या पोळ्या करपल्या, शर्टाला इस्त्रीनं भोक पडलं. अर्ध्या तासात तिनं रडत राजीनामा दिला, नवऱ्यानं तिला जवळ घेतलं आणि सगळे हसले. माझा नवराही हसला. "बघ, आसं होतं," तो म्हणाला.

मी उठून टीव्ही बंद केला. "तिला अर्ध्या तासात गोष्ट संपवायची होती, म्हणून सोडली नोकरी. मला घाई न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो ड्युटीवर गेल्यावर मी त्या गेटवर गेले. सोमवारपासून या म्हणाले. संध्याकाळी मी ते त्याला सरळ सांगितलं. रविवारी त्यानं वडगावहून आईला बोलावून घेतलं. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आत्या माझी समजूत काढतील, असं त्याला वाटलं होतं. मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी उत्तरं तयार करून ठेवली होती.

आत्यांनी आधी मालिका बघितली. मग विचारलं, "ही बाई दिवसभर करती काय?"

"घर सांभाळती," नवरा म्हणाला.

"घर मीबी सांभाळलं. खुरपं घिऊन सांभाळलं."

"तेच म्हंतोय ना मी, आई. तुझं हाल झालं, हिचं नको."

आत्या त्याच्याकडं वळल्या. "हाल कामाचं न्हवतं रं. दिवसभर राबून यायचं आन् पुन्हा एकटीनंच चूल पेटवायची, त्याचं हाल. तुझा बा ओट्यावर बसून असायचा. तू नको बसू."

सोमवारी मी कामावर गेले. गाड्यांच्या वायरी जोडायची लाइन होती. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. त्याची दुपारची दुसरी शिफ्ट असली की सकाळचं जेवण त्याच्याकडे. कणकेत पाणी जास्त व्हायचं, भाताची लापशी व्हायची. पहिले कितीतरी दिवस तो आतून कडी लावून कणीक मळायचा. शेजारी विचारायचे, "काय, आज मालकीणबाई ड्युटीला व्हय?" मग तो चिडायचा, आणि ती चीड माझ्यावर निघायची. मी म्हणायचे, "चिडा, पण भात लावा." काम सोडायचं नाही, एवढं मात्र मनात पक्कं होतं.

तो काही एकदम बदलला नाही. कपडे धुणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणजे त्यानं जमवलं नाही. पण एका संध्याकाळी मी घरी आले तर दार सताड उघडं. शेजारचे दोघं पायरीवर बसलेले आणि हा त्यांच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत मेथी निवडत होता. मला बघून आवाज जराही खाली न आणता म्हणाला, "दमली आसशील. च्या टाकू?"

पायरीवरचे दोघं उगाच चपला शोधायला लागले.

त्यानंतर काही दिवसांनी पलीकडच्या खोलीतली बिहारहून आलेली बाई मला पाण्याच्या नळावर भेटली. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "दीदी, हमको भी काम पे लगवा दोगी?"

"नवरा काय म्हणतो?" मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं.

"अभी उनको बोला नहीं है."

"आज बोल," मी म्हणाले, "आणि सकाळी तयार राहा."

सकाळी ती दारात उभी होती. डोळे रडून सुजलेले, पण केस नीट बांधलेले आणि हातात डबा. आम्ही दोघी गेटाकडं निघालो.