तापट माणसासाठी एक खुर्ची

अमोलचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. माझा मुलगा जालन्याला स्टीलच्या कारखान्यात कामाला, दुपारी कधी फोन करत नाही. "आई, पारसभाऊ गेले गं," एवढंच म्हणाला आणि हमसून हमसून रडायला लागला. महिना होत आला, पण बदनापूरच्या बाजारातून जाताना अजून वाटतं, त्यांच्या भांड्यांच्या दुकानातून आत्ता गडगडाटी हसणं ऐकू येईल... स्वतःच्या ढेरीवर असा विनोद करायचे की गिऱ्हाईक हसता हसता कढई घ्यायची विसरायचं.

सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. तेच चहाचे कप, भाईचाऱ्याची तीच भाषणं. भाऊ त्या समितीचे जुने सदस्य, आणि तिची टिंगलही सगळ्यात जास्त तेच करायचे. मला म्हणायचे, "ताई, या समितीत सगळे शांतच लोकं बसून राह्यले. भांडणारा एक बी न्हाई. मंग समजावायचं कोणाला?"

तो भांडणारा माझ्याच घरात निघाला. काही वर्षांपूर्वी अमोल धर्माच्या नावानं चालणाऱ्या एका टोळक्यात जाऊ लागला होता. सतत मोबाईल, तोंडात सारखं 'ते लोक'. लहानपणापासूनचा मित्र अझर, त्याच्या घरचा शिरखुर्माही यानं परत पाठवला. मी पडले मास्तरीण, पुरावे देत बसले. तो आणखीच कडू झाला. मग त्यानं मोबाईलवर काहीबाही टाकलं आणि पोलिसांची नोटीस दारात आली. गुन्हा दाखल झाला तर नोकरी जाणार हे दिसतच होतं. पण खरी भीती वेगळीच होती. ते टोळकं त्याला हार घालून मिरवणार, आणि पोरगा कायमचा त्यांचा होणार.

भाऊ माझ्याबरोबर ठाणेदारांकडे आले. म्हणाले, "साहेब, ज्यानं हात उचलला त्याला बिलकुल सोडू नका. पण याचं अजून नुसतं तोंड चालू आहे. याला समितीत घ्या, माझ्याजवळ खुर्ची टाका." ठाणेदारांना हसू आलं. नोटीस कायम राहील, पण खुर्ची देतो, असं ते म्हणाले. भला माणूस!

बैठकीत भाऊंनी भाषणंच बंद ठेवली आणि अमोलला बोलायला लावलं. नको नको ते बोलला म्हणे. दोघे-तिघे उठून निघाले, त्यांना भाऊंनी हाताला धरून बसवलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून काही राह्यलं का?" इतकं अमोलचं आजवर कोणी ऐकलंच नव्हतं... मीसुद्धा नाही.

मग गणपतीच्या मिरवणुकीत भाऊंनी अतिउत्साहात घोळ घातला. गर्दी अडवायच्या दोरीच्या एका टोकाला अमोल, दुसऱ्याला अझर! दोघं एकमेकांकडं बघेनात, दोरी ढिली पडली आणि नाचणारी गर्दी भाऊंना घेऊन थेट उसाच्या रसाच्या गाड्यावर गेली. पोरं दोरी टाकून धावली. भाऊ चिपाडात बसून पोट धरून हसत होते, आणि त्यांना उठवता उठवता हे दोघं चूक कुणाची यावर जोरात भांडायला लागले. निदान बोलणं तरी सुरू झालं होतं. माणूस काही एका मिरवणुकीत बदलत नाही. अमोललाही वर्ष-दीड वर्ष लागलं, मधे दोनदा मागं फिरला, पण भाऊंनी त्याची खुर्ची काढू दिली नाही.

मागच्या आठवड्यात भाऊंशिवाय पहिली बैठक झाली. अमोल भाऊंच्या जागी बसला होता. घरी आला तो भुकेजलेला, आल्या आल्या भाकरी मागितली. मी विचारलं, तिथं समोसे देतात ना?

"दिले, पण गार झाले. एक पोरगा तापून बोलत होता. तो बोलत असताना खायचं कसं? भाऊ कधी खायचे का?"

"मग, झालं त्याचं बोलून?"

"न्हाई ना. उद्या घरी जेवायला बोलावलंय. चार भाकरी जास्त टाक."