सालमियातला बारा नंबर

मी कुवेतला निघालो तेव्हा आई कुडाळच्या एसटी स्टँडवर आली होती. बॅगेची चेन तुटली होती, तिला सेफ्टी पिना लावत लावत तिने सांगितलं, "नाय कळला तर इचार. इचारूक पैशे पडनत नाय." मी मान हलवली. नंतर चार वर्षं कुणाला काही विचारलं नाही.

आठवीत शाळा सोडली आणि म्हापशाला उस्तादाच्या हाताखाली एसीचं काम शिकलो. तिथले मित्र अजून फोनवर आपापल्या बारच्या गोष्टी सांगतात. एकाच मालकाचे तीन बार, पण म्हापशातल्या बारमध्ये मासे ताजे, मडगावच्या बारमध्ये बसायला जागा नाही, असं त्यांचं चालतं. कुवेतात दारू बंद. आमचं बसणं चहावर. पण तीन शाखांचं एक हॉटेल मलाही मिळालं, म्हणून मीही माझं मत सांगतो.

फरवानियाची शाखा माझ्या रूमच्या खाली. चहा तिथलाच खरा, कारण पातेलं शेगडीवरून उतरतच नाही. एसी मात्र भिंतीवर गळतो आणि त्याखालचं टेबल कायम रिकामं असतं. मिरकाबच्या शाखेत ऑफिसवाले उभ्या उभ्या कागदी कपातून चहा पितात. एसीचा डक्ट शिट्टी मारतो, बोलणं ऐकू येत नाही. सालमियाची शाखा फॅमिलीवाल्यांची. आई मराठीत विचारते, पोरगं इंग्रजीत उत्तर देतं. तिथला एसी वेळेवर साफ केलेला, वासावरूनच कळतं.

पण मला ते हॉटेल आवडायचं ते वेगळ्याच कारणासाठी. तिन्हीकडे भिंतीवर मेनूची पाटी एकच होती. मला इंग्रजी अक्षरं लागत नाहीत. आकडे येतात, गॅसच्या गेजवरचे रोज वाचतो. पाटीवर पदार्थांचे फोटो आणि नंबर. बारा म्हणजे मूगडाळ, दोन पराठे, लोणचं. कुठल्याही शाखेत जा, बारा म्हटलं की बाराच यायचं. परक्या मुलखात एवढा भरवसा मला दुसऱ्या कशाचाच नव्हता.

कामावर रोजचा रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असतो. तो माझा रूममेट लिहायचा, मी खाली सही करायचो. आमचे इंजिनीयर सावंतसाहेब, सावंतवाडीचे. त्यांना माझं काम पसंत होतं. फोरमनची जागा निघाली तेव्हा त्यांनी माझं नाव पुढे केलं. मला आनंदापेक्षा धडकी जास्त भरली. फोरमनने सगळ्यांचे रिपोर्ट तपासायचे असतात. नाही म्हटलं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण कळलं तर घरी पाठवतील, असं मनाने घेतलं.

तेवढ्यात साहेबांनी एका संध्याकाळी सालमियाला बोलावलं. बरोबर त्यांची बायको, आमच्या वहिनी, हॉस्पिटलात नर्स. श्रावण चालू होता, तिघांचाही पाळलेला. साहेब म्हणाले, हे हॉटेल तुझं, तूच मागव. वर बघितलं तर पाटी नवी. फोटो गेले होते, नुसती अक्षरं आणि नंबर. मी म्हटलं, "तीन बारा."

चिकन खिमा आला. तीन प्लेटी.

वहिनींनी पदर नाकाला लावला आणि खुर्ची मागे सरकवली. माझ्या तोंडून निघून गेलं, वेटरने चुकीचं आणलं. वेटर केरळचा, अनीस नाव. तो हळूच म्हणाला, "भाई, बारा आपने बोला." तोवर मुदीर, म्हणजे तिथला मॅनेजर, आला आणि सगळ्यांसमोर त्याला झापू लागला, उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. अनीस मान खाली घालून तिन्ही प्लेटी एकावर एक रचत होता. मी त्याचे हात बघत होतो. माझ्याच हातांसारखे, चटक्यांचे.

मी उभा राहिलो. हिंदीत मुदीरला सांगितलं की चूक माझी, तिन्ही प्लेटींचे पैसे मी देतो. मग साहेबांकडे वळून म्हटलं, "मला ती पाटी वाचता येत नाही."

साहेबांनी मान वर करून पाटीकडे बघितलं. मग म्हणाले, "आणि रिपोर्ट?"

"रूममेट लिहितो."

अनीसची नोकरी वाचली. फोरमनची जागा दुसऱ्याला गेली. साहेब रागावले होते ते सहीबद्दल. वाचता येत नाही याबद्दल अवाक्षर काढलं नाही. उद्यापासून रिपोर्ट स्वतः लिहायचा, चुकला तर चुकू दे, एवढंच म्हणाले. वहिनींनी मात्र नियम घातला: शुक्रवारी सालमियाला यायचं, पाटी वाचायची, आणि वाचलं ते खायचं. श्रावण संपल्यावर ते सुरू झालं. त्या नियमापायी मी आंबट ऑलिव्ह खाल्ले, चण्याची थंड चटणी खाल्ली आणि एका शुक्रवारी दोन वेगळी नावं वाचून दोन्ही वेळा नुसता बर्फ घातलेला लिंबूरसच मागवला. वहिनी हसायच्या, "भावोजी, आज उपाशी जाणार तुम्ही." त्या बाईचे उपकार फिटायचे नाहीत.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चार वर्सां तोंडात काय धरून बसललंस?"

आता लिहितो. लीक, फिल्टर, गॅस एवढं न बघता येतं. कॉम्प्रेसरचं स्पेलिंग अजून तीनदा तपासतो. इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, रिन्यू झाला तरी महिनाभर खिशात चाचपत होतो, तो स्वभाव काही जायचा नाही. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर कुडाळच सांगतो. पण कुडाळात जे आईपाशी चालतं, मला नाही कळलं म्हणून सांगणं, ते इथंही लोक चालवून घेतील हे कळायला तो खिमा यावा लागला.

मागच्या शुक्रवारी सालमियात पाटी पुन्हा बदललेली. बारा नंबरसमोर एक लांबलचक शब्द, लागेना. मागे आठ-दहा माणसं रांगेत, एक पोरगं इंग्रजीत कुरकुरतंय. काउंटरवर अनीस. मी बोट दाखवून म्हटलं, "अनीसभाई, ये क्या लिखा है?"

त्याने वाचून दाखवलं. मी तेच मागवलं.