एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

ताज्या कडब्याचा वास आला की मला निजामाच्या काळातलं आमचं तलवाड्याचं खळं आठवतं. मी हैदराबादेला कॉलेजात जायचं म्हटल्यावर माझे वडील, आबा, म्हणाले, "कावून? तितं असं काय हाय, जे हितं न्हाई?"

मी खळ्याबाहेर धुळीत १४२८५७ लिहिलं. दोनानं गुणलं, २८५७१४ आले. तिनानं, ४२८५७१. अक्षरओळख नसलेले आबा वाकून आकड्यांचे आकार न्याहाळू लागले.

"आरं, हे तर मळणीच्या बैलांवानी गोल फिरायलेत! म्होरला बदलतो, पर रांग मोडत न्हाई."

सातानं गुणल्यावर सगळे नऊच झाले. खळ्यात शिरताना काढतात तशा आबांनी वहाणा काढल्या.

"जा," एवढंच म्हणाले.

त्या फिरण्याचं कारण मी पुढं शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो. पण पायात वहाणा असताना तो आकडा अजून माझ्यानं लिहवत नाही.