तानीचे दोन भाव

तानीच्या पाटीत माल एकच असे, भाव मात्र दोन. त्यात लबाडी काडीची नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं.

बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पोटात तिचा पाडा. पावसाळा लागला की रानात शेवळी उगवते. जांभळट कोंबासारखी भाजी, नीट शिजवली तर मटणाच्या तोंडात मारील. पण एक खोड. आंबट काकडाची फळं न घालता शिजवली, तर घसा असा खाजतो की बाई सासूचं नावसुद्धा विसरते.

पहिल्या वर्षी तानी बोईसरातल्या नोकरदारांच्या कॉलनीच्या गेटापाशी बसून आठ आण्याला जुडी म्हणून ओरडली. बाया थांबायच्या, नाक मुरडायच्या. "एवढी स्वस्त? शिळी असेल," म्हणत पुढे जायच्या. दुसऱ्या दिवशी तिने भाजी ओढ्यात धुतली, जुड्या लहान केल्या, पांढऱ्या दोऱ्याने बांधल्या, पळसाच्या पानात चार चार काकडं ठेवली. शिजवायची कशी ते सांगितलं आणि दोन रुपये म्हणाली. तासाभरात पाटी रिकामी! शहाण्या माणसाला स्वस्त दिलं की संशय येतो, हे तानीला शाळेविना कळलं.

घरी परतताना सालवड लागे. तिथे कारखान्यांत हमाली करणारी तिची डोंगरातली माणसं राहत. त्यांच्यासाठी मातीसकट जाड जुडी, सालीच्या वाखाने बांधलेली, आठ आण्याला. त्यांना दोन रुपये सांगितले असते तर त्यांच्यातल्या नवसीमावशीने पाटीच तिच्या डोक्यात घातली असती.

हे सगळं एका हट्टापायी. दिवाळी झाली की वीटभट्टीचा ट्रक पाड्यावर येई आणि घरंच्या घरं उचलून नेई. धाकटीला झोळीत टाकून तानीने चार वर्षं विटा वाहिल्या होत्या. "औंदा नाय जायचं," तिने नवऱ्याला, जिवल्याला, बजावलं होतं. शेवळी, मग कर्टोली, मग इतर रानभाज्या असा पावसाळाभर गेट चाललं, तर उन्हाळ्यापर्यंतचा तांदूळ घरात येणार होता.

सालवडलाच रत्नाबाई भेटली. नगरकडची, नवरा खंडेराव रंगाच्या कारखान्यात, ही कॉलनीत दोन घरची भांडी घासायची. पहिल्यांदा तिने शेवळी नुसतीच शिजवली आणि घसा धरून तानीला शिव्या देत आली. तानी हसून हसून बेजार. मग तिच्याच चुलीपाशी बसून तिने भाजी करून दाखवली. तेव्हापासून दोघी बहिणी झाल्या. बहीण झाली म्हणजे वाखाची जाड जुडी आली, आठ आण्याचा भाव आला, वर काकडं फुकट.

एके दिवशी रत्नाबाई म्हणाली, "तानी, धा जुड्या दे. गावाकडून पाव्हणे आल्यात."

"खाऊ दे की! आमचं रान त्यांना बी कलू दे," म्हणत तानीने बारा घातल्या. पाहुणे आठवडाभर राहिले. भारी खाणारे निघाले.

त्याच आठवड्यात गेटावरच्या बाया थांबेनाशा झाल्या. तानीने जुड्या हुंगून पाहिल्या, दोनदा धुतल्या. चौथ्या दिवशी दमयंतीबाई, तिचं जुनं गिऱ्हाईक, समोरून निघाली.

"बाई, शेवळी नाय घ्यायची?"

"घेतली की. रत्नाबाई घरपोच देते, दीड रुपयाला. आणि काय गं, सालवडला हीच भाजी आठ आण्याला विकतेस म्हणे? आम्ही काय वेड्या दिसलो तुला?"

"बाई, ती धुतलेली नसतं..."

"हीसुद्धा धुतलेलीच आहे." दमयंतीबाईने पिशवी उघडून दाखवली. एका जाड जुडीच्या दोन केलेल्या, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या. शेजारी चार काकडं.

तानी पाटी उचलून थेट सालवडला गेली. रत्नाबाई दारात तांदूळ निवडत होती.

"पाव्हनं गेलं का गं?"

"कुठले पाव्हणे?" ती म्हणाली आणि जीभ चावली. मग निवडायला सूप पुन्हा पुढे ओढलं. "आगं, बहिणीनं दोन पैसे कमावले तर तुजं का पोट दुखतंय? तू त्यांला दोन रुपये लावतीस, म्या दीड लावले. कोण पापीण, सांग बरं!"

"विकलंस ते विकलंस. माजा इथला भाव का सांगितलास?"

रत्नाबाईचा हात तांदळातच थांबला. "त्यांनी इचारलं. म्या काय खोटं बोलू?"

तानी पाटी उचलून वळली. विकलं ते एक वेळ गिळता आलं असतं. पोट कुणाला नसतं? पण घरच्या माणसांना दिलेला भाव हिने नेऊन गेटावर टांगला होता. पुढे कर्टोली आली, तरी कॉलनीतल्या बाया एकच बोलायच्या, "सालवडच्या भावाने देत असशील तर दे." त्या भावाने दिवसभराची पायपीटही निघत नव्हती.

एका संध्याकाळी नवसीमावशी पाटीशी बसली. "पाच वाटे काढ गं कर्टोलीचे. पोरीच्या सासरची आलीत."

तानीचा हात पाटीतच राहिला. "मावशे, खानारी किती हायत?"

आजवर तिने हे कुणाला विचारलं नव्हतं. नवसीची मान झटकन वर झाली. "सात हायत. मोजाया येतंस?"

तानीने घाईघाईने सहा वाटे तिच्या पदरात ओतले. नवसीने पाच पाटीत परत ठेवले, सावकाश, एकेक करून. एकाचे आठ आणे टेकवले आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. त्यानंतर ती तानीच्या पाटीशी थांबली नाही, आणि तानीनेही हाक मारली नाही.

दिवाळीनंतर ट्रक आला. जिवल्याने गाठोडं वर टाकलं. तानी पोरीला कडेवर घेऊन सगळ्यांच्या आधी चढली आणि डोंगराकडे पाठ करून बसली.