शकुताईची हजेरी

बातमी भाऊजींच्या फोनवरून आली. निधनाच्या बातम्या लिहिण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. कोण, कधी, कुठे, कशाने, या क्रमाने विचारायची सवय लागलेली. भाऊजींनी काही विचारू दिलं नाही, पण क्रम तोच पाळला. "शकू गेली. आज पहाटे. घरीच. झोपेत." मग म्हणाले, "मिलिंद उठला नाई अजून. त्याले कसं सांगू, तेवढं तू येऊन सांग…"

शकुताई माझी थोरली बहीण. लग्नानंतर सगळं आयुष्य नागभीडला गेलं, कारण भाऊजी तिथे रेल्वेत होते. मिलिंद तिचा मुलगा. आज त्याने पंचेचाळिशी ओलांडली आहे. तिच्याबद्दल लिहायचं तर त्याच्या शाळेबद्दल लिहावं लागेल, कारण ताई काय चीज आहे हे गावाला तेव्हा कळलं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ऑटिझम हा शब्द आमच्यापर्यंत पोहोचला नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी मान हलवून "हळूहळू सुधारेल" एवढंच सांगितलं होतं. मी चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, एका दैनिकात होतो. सुटी मिळाली की छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या गाडीने नागभीडला जायचो. दारातच मी मिलिंदला विचारायचो, "जेवला का?" तो म्हणायचा, "जेवला का." त्याला विचारलेलं तो जसंच्या तसं परत करायचा. ताई आतून हसत म्हणायची, "आमच्या घरी प्रश्नाले तोटा नाई भाऊ. उत्तर तेवढं तू संग आनत जा."

घरात ज्याचं हसू येई, त्यावरूनच शाळेत भांडणं सुरू झाली. पहिलीच्या वर्गाला गेडाम बाई होत्या. त्या हजेरी घ्यायच्या, मुलं "हजर" म्हणायची. "मिलिंद रामटेके," असं म्हटलं की मिलिंदही तितक्याच खणखणीत आवाजात म्हणायचा, "मिलिंद रामटेके." वर्ग खदखदून हसायचा. तो गलका त्याला सहन होत नसे. तो कान दाबायचा, पाटी भिरकवायचा आणि जवळ जो असेल त्याला चावायचा. जवळ बहुतेक वेळा नसीम असायची. तिच्या वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. तिच्या दंडावर दात उमटले तेव्हा ताई स्वतः त्या दुकानात गेली आणि परतली ती हातभर बांगड्या भरून. "माफी मांगाले गेली होती," ती म्हणाली, "अन् गिऱ्हाईक होऊन आली. आता तेही बोलत नाई, मीही बोलत नाई."

हेडमास्तर मात्र बोलले. मुलगा बाईंची नक्कल करतो, मुद्दाम चिडवतो, असं त्यांचं मत झालं होतं. सांगितलेलं ऐकत नाही, विचारलेलं बोलत नाही, तेव्हा त्याला चांद्याच्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत घाला, असं त्यांनी सुचवलं. ताईने तेही केलं. मीच दोघांना त्या शाळेत घेऊन गेलो. तिथल्या गुरुजींनी मिलिंदच्या पाठीमागे टाळी वाजवली. तो दचकला. त्यांनी नाव विचारलं. तो म्हणाला, "नाव काय तुझं." गुरुजींनी हात जोडले. मुलाला ऐकू येतं, बोलताही येतं, आमच्याकडे जागा नाही. परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसली होती. गाडी सुटली. मग म्हणाली, "इथले म्हणते बोलते, तिथले म्हणते बोलत नाई. पोरगं तर एकच हाय ना भाऊ…" आणि स्वतःच हसायला लागली. मिलिंदही हसला. तिचं हसू त्याला चालायचं.

हेडमास्तरांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर कोणाला पुन्हा चावला, तर नाव कमी. गावात दुसरी शाळा त्याला घेणार नव्हती. घरी बसला की कायमचा बसला, हे ताईला कळत होतं. तिने गेडाम बाईंकडून वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बसायची परवानगी काढली. तांदूळ निवडायला घेऊन ती रोज तिथे बसू लागली. हजेरीत मिलिंदचं नाव आलं की ती दारातून हळूच सांगायची, "हजर म्हण." मिलिंद उभा राहून म्हणायचा, "हजर म्हण."

वर्गाला नवीन खाद्य मिळालं. शाळा सुटल्यावर मुलं रस्त्याने "ए हजर-म्हण, हजर-म्हण" ओरडत त्याच्यामागे यायची. मी त्या आठवड्यात नागभीडला होतो. मला राग आला, पण ताई सुपातले खडे वेचता वेचता थांबली. "अरे, तो तर बरोबर म्हणून राह्यला," ती म्हणाली. "मी जेवढं म्हणतो तेवढंच तो म्हणते. 'म्हण' मीच म्हणून राह्यली. माझ्याच तोंडात एक शब्द जास्तीचा हाय."

दुसऱ्या दिवशी ती गेडाम बाईंशी बोलली. मिलिंदची पाळी आली की बाईंनी नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे बघून फक्त "हजर" म्हणायचं. बाई आधी तयार नव्हत्या. "म्हणजे मीच हाक मारू अन् मीच ओ देऊ का, शकुबाई?" पण त्याच दिवशी त्यांनी करून पाहिलं. बाई म्हणाल्या, "हजर." मिलिंद म्हणाला, "हजर." हसण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून कोणी हसलं नाही. कोणी हसलं नाही, म्हणून कोणी चावलं गेलं नाही. ताई सूप उचलून घरी आली आणि भाऊजींना म्हणाली, "आजपासून तांदूळ घरीच निवडीन."

दिवाळीच्या तोंडावर तपासणीला साहेब आले. हेडमास्तरांनी मिलिंदचं प्रकरण त्यांच्या कानावर घातलं होतंच. साहेबांनी हजेरी स्वतः घेतली. त्यांना ही पद्धत कोणी सांगितली नव्हती. ते म्हणाले, "मिलिंद रामटेके." मिलिंद म्हणाला, "मिलिंद रामटेके." गेडाम बाईंनी मला पुढे सांगितलं की त्या मध्ये बोलायला उठल्याच होत्या. तेवढ्यात मुलींच्या रांगेतून आवाज आला, "हजर." मिलिंद म्हणाला, "हजर."

साहेबांनी वर पाहिलं. "दुसऱ्याची हजेरी कोण देऊन राह्यलं?"

नसीम उभी राहिली. "त्याची देऊन नाई राह्यली सर, त्याले सांगून राह्यली. त्याले पयले आपन म्हना लागते, मंग तो म्हणते. आता चावत नाई तो. पयले चावे. मलेच चावे."

साहेबांनी हेडमास्तरांना विचारलं, ही युक्ती कोणाची? हेडमास्तर म्हणाले, "आमच्या शाळेची." ताईला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. नाव कमी झालं नाही, हे तिला पुरेसं होतं. चौथीपर्यंत मिलिंद त्या शाळेत टिकला. लिहायला, वाचायला शिकला. चावणं मधूनमधून व्हायचं, पाट्याही फुटायच्या, पण पुन्हा कोणी त्याला घरी ठेवा म्हणालं नाही. हेडमास्तर निवृत्त होईपर्यंत ती युक्ती स्वतःची म्हणून सांगत राहिले, आणि ताई भर बाजारात त्यांना "कशी हाय गुरुजी आपली युक्ती?" असं विचारत राहिली.

तो शब्द मग घरात राहिला. ताई बाहेरून आली की फाटकाची कडी काढता काढता म्हणायची, "हजर." मिलिंद कुठल्याही खोलीतून म्हणायचा, "हजर." मग ती चपला काढायची. शेवटपर्यंत ही पद्धत मोडली नाही.

ती गेल्याचं मीच जाऊन मिलिंदला सांगितलं. त्यानंतर तो बरेच दिवस बोलला नाही. भाऊजींनी एकदा फाटकातून "हजर" म्हणून पाहिलं. त्याने तोंड फिरवलं.

मागच्या आठवड्यात मी नागभीडला गेलो. संध्याकाळ होती. मिलिंद फाटकात उभा होता आणि कडी त्याच्या हातात होती. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "हजर." कोणी काही म्हटलेलं नसताना तो आपणहून आधी बोलला, असं आजवर मी पाहिलं नव्हतं. मी फाटक ढकलून पाहिलं. आतून भाऊजी ओरडले, "अरे हजर म्हण, नाई तर आत नाई घेत तो." मी "हजर" म्हणालो. कडी निघाली.

मग त्याने घराकडे वळून पुन्हा म्हटलं, "हजर." भाऊजी आतून म्हणाले, "हजर." ते चहाचं पातेलं घेऊन दारात आले. "रोज हजेरी घेते," ते म्हणाले. "मोरीत असलो तरी ओ द्या लागते."

मिलिंद आत गेला नाही. स्वयंपाकघराच्या दिशेला बघत त्याने तिसऱ्यांदा म्हटलं, "हजर." मी भाऊजींकडे पाहिलं.

"ते शकूचं," ते म्हणाले. "तिची मी देतो."

आणि त्यांनी आवाज थोडा चढवून म्हटलं, "हजर." मिलिंदने फाटकाची कडी लावली आणि चहाला आत गेला.