चर्चच्या वळणावरची हाळी

ओबेड थ्रेडगिलच्या अंगात ताकद म्हणाल तर बेताचीच. खांदे उतरते, गुडघ्यात बाक. रेल्वेच्या रुळावर राबणाऱ्या टोळीतल्या कुठल्याही गड्यानं त्याला काखोटीला मारून ओढ्यापल्याड नेऊन ठेवला असता. पण रेडगॅपच्या त्या लालमातीत तीस फुटी रूळ कुणाचं ऐकत असेल तर ते ओबेडचं. पहारी आठ जणांच्या हातात असायच्या. रूळ हलायचा तो ओबेडच्या तोंडानं.

अलाबामाच्या उन्हात रूळ तापला की फुगतो, आणि फुगला की जागा सोडून वाकडा होतो. मग आठ काळ्या गड्यांनी त्याच्या बुडात पहारी घालायच्या आणि एका दमात रेटायचं. आठांतला एक जरी अर्धा श्वास मागं राहिला तरी रूळ ढिम्म. म्हणून एक जण हाळी देतो. त्या हाळीत गाणं असतं, प्रार्थना असते, सवड मिळाली तर शिवीही असते. ठेक्यावर पहारी रुळाला टकटक लागतात, आणि शेवटच्या शब्दाला आठही अंगं एकदम पडतात. मुकादम गोराच, गडी त्याला कप्तान म्हणायचे. तो लांब उकिडवा बसून एक डोळा मिटतो, रूळ बघतो आणि हातानं दावतो, इकडं घ्या, तिकडं घ्या. बाकी सगळं हाळीवाल्याचं.

ओबेड गुलाम जन्मला आणि नवव्या वर्षी सुटला. कापसाच्या रानात पाठ मोडून घेतली. पुढं डोंगरात लोखंड सापडलं, भट्ट्या उभ्या राहिल्या, तसा थोरल्या भावाबरोबर, आयझमबरोबर, चालत रेडगॅपला आला. आयझमला एकदा रस्त्यात शेरीफच्या माणसानं अडवलं. हाताला काम असल्याचा मुकादमाच्या सहीचा कागद त्याच्या खिशात नव्हता. बिनकामाचा काळा माणूस म्हणजे गुन्हेगार, असा तिथला कायदा. आयझमला धरून कोळशाच्या खाणीत भाड्यानं दिला. दीड वर्षानं त्याचा कमरेचा पट्टा तेवढा घरी आला.

तेव्हापासून ओबेड कागद छातीशी बाळगून झोपायचा.

अठराशे अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टात टोळीवर प्रुइट नावाचा नवा मुकादम आला. नाक दारूनं लालबुंद, आणि शिस्तीचा भारी सोस. पहिल्याच दिवशी म्हणाला, "कंपनीच्या जमिनीवर गाणंबिणं चालायचं नाही. तोंड बंद, हात चालू."

सवयीचं तोंड बंद व्हायला वेळ लागतो. चौथ्या दिवशी सकाळी चर्चच्या वळणावर गडी पहारी घालून उभे राहिले आणि ओबेडच्या तोंडून निसटलं:

"डोंगर लाल, माती लाल,
कप्तानाचं नाक लाल,
हाल रं रुळा, हाल!"

रूळ हलला, पण त्याच्यापेक्षा जास्त गडी हलले. म्हातारा कफी तर पहारीला लोंबकळून हसला. टोळीतला तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात वात्रट.

प्रुइट उठून आला. "ए पोरा, इकडं ये. कागद काढ."

ओबेड बेचाळीस वर्षांचा होता; पोरगा म्हणणारा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. ओबेडनं कागद काढला. प्रुइटनं त्याचे चार तुकडे केले आणि खडीवर टाकले.

"चालता हो. आता खाणीत जाऊन गा."

कंपनीची जमीन जिथं संपते तिथं काटेरी तारेचं कुंपण होतं. काळ्यांनी रुळावरून येजा करू नये म्हणून कंपनीनंच घातलेलं. कुंपणापलीकडं ओबेडच्या लोकांचं चर्च. तीन एकर जागा, वीस वर्षांपूर्वी त्यांनी कोंबड्या विकून, कपडे धुऊन घेतलेली. कंपनीनं ती मागितली, दटावलं, वाढवून पैसे देऊ म्हणाली. एकानंही मान तुकवली नाही. शेवटी रुळालाच चर्चला वळसा घालून जावं लागलं. ते वळण असं पडलेलं, आणि ऊन चढलं की रूळ नेमका तिथंच फुगायचा.

ओबेड कुंपणाखालून सरपटून चर्चच्या आवारात गेला. तासाभरात शेरीफच्या माणसाची घोडागाडी येऊन झाडाखाली उभी राहिली. बातमी पोचवायला प्रुइटनं वेळ लावला नव्हता.

"ओबेड," तो माणूस गाडीतूनच म्हणाला, "दिवस मावळायच्या आत कागद दाव. न्हाईतर चल माझ्यासंगं. मला घाई न्हाई, मी हितंच बसतो." आणि त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली.

ओबेडची बायको डोशा डबा घेऊन आली. मक्याची भाकरी, चवळी, थोडी काकवी. गाडी बघितली आणि तिनं सगळं ओळखलं. रडली नाही. डबा खाली ठेवला.

"नाकाचं बोललास व्हय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? तीन दिस झालं, घरात त्येच गुणगुणतुयास. खा आता. उपाशीपोटी अक्कल चालत न्हाई. तुझी तर भरल्यापोटीबी कमीच."

ओबेडनं खाल्लं. घास उतरत नव्हता, तरी खाल्लं.

तिकडं ऊन चढलं. दुपारपर्यंत वळणावरचा रूळ चार बोटं बाहेर आला. त्या दिवशी चारच्या गाडीनं नव्या भट्टीचं पहिलं लोखंड जायचं होतं, आणि त्याच गाडीत उत्तरेकडचे भांडवलवाले साहेब बसणार होते. प्रुइटनं सकाळीच वर कळवून टाकलं होतं की रूळ सरळ आहे, चिंता नको. आता गाडी थांबवली तर त्याची नोकरी गेली, आणि न थांबवली तर लोखंड, साहेब आणि इंजिन सगळं ओढ्यात.

"लावा पहारी!" प्रुइट ओरडला. "मी मोजतो. एक, दोन, तीन!"

कुणी दोनला रेटलं, कुणी तीनला, कुणी तीन संपल्यावर. रूळ जागचा हलला नाही.

"परत! एक, दोन, तीन!"

एकाची पहार सटकली आणि शेजाऱ्याच्या पोटरीला लागली. ते मुद्दाम चाललं होतं का, ह्यावर रेडगॅपमध्ये पुढं कैक वर्षं वाद झाला. कफीला विचारलं की तो नुसता दात दाखवायचा.

"कप्तानसाहेब," कफी घाम पुसत म्हणाला, "आकड्यावर मेंढरं मोजत्यात. रूळ मोजून हालत न्हाई."

"मग तू गा!"

"मी? माझा आवाज ऐकून बायको माहेरी गेली, साहेब. रूळ सरळ गावाभाईर जाईल."

तीन वाजले. प्रुइटचं सगळं तोंडच आता नाकाच्या रंगाचं झालं होतं. त्यानं कुंपणाकडं पाहिलं. ओबेड चर्चच्या पायरीवर डोशाशेजारी बसून बोटानं दात कोरत होता.

प्रुइट कुंपणापाशी आला. "ए पोरा. ये इकडं, रूळ हलवून दे."

"मला कंपनीच्या जमिनीवर पाय ठेवायला बंदी हाय, कप्तान. तुमीच घातली."

"मी सांगतो ये!"

"आन् गाणं?"

प्रुइटनं खिशातलं घड्याळ काढून बघितलं. "गा."

"आदी कागद."

झाडाखाली शेरीफच्या माणसानं टोपी डोळ्यांवरून वर सरकवली. त्याला गंमत वाटायला लागली होती.

प्रुइटनं वहीचं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवून पेन्सिलीनं चार अक्षरं खरडली आणि तारेतून आत सारली. ओबेडला अक्षर येत नव्हतं. हे प्रुइटला माहीत होतं. डोशा तिशी उलटल्यावर ह्याच चर्चमध्ये पोराठोरांत बसून वाचायला शिकली होती, हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

डोशानं हात पदराला पुसावेत तसे झग्याला पुसले, कागद घेतला, उन्हाकडं धरला आणि खणखणीत वाचला.

"'हा ओबेड नावाचा पोरगा आज एक दिवस कामावर आहे.'" तिनं मान वर केली. "आज एक दिस? मंजी उद्या सकाळी ही गाडी परत झाडाखाली?"

प्रुइटनं आधी रुळाकडं बघितलं, मग झाडाखालच्या गाडीकडं.

"वर्साचा लिवा, साहेब. टोळीतल्या समद्यांचा वर्साचा असतुया. आन् पोरगा खोडा. माझ्या नवऱ्याला तीन लेकरं हायत. ओबेड थ्रेडगिल, पुरतं नाव. थ्रेडगिल कसं लिवायचं त्ये सांगू का?"

पलीकडं आठ गडी पहारींवर हनुवट्या टेकून ऐकत होते. कुणी हसलं नाही. हसण्यापेक्षा ते मोठं होतं.

लांब डोंगराआड इंजिनाची शिट्टी झाली.

प्रुइटनं दुसरं पान फाडलं. वर्ष लिहिलं, पुरतं नाव लिहिलं, तारीख घातली, सही केली. डोशानं एकेक अक्षर बोटाखाली घेऊन वाचलं, मग झाडाखालच्या माणसाला नेऊन दाखवलं.

"बगून घ्या. हाताला काम हाय त्येच्या."

त्या माणसानं कागद वाचला, थुंकला आणि लगाम उचलला.

ओबेड कुंपणाकडं गेला, पण पलीकडं उतरला नाही. चर्चच्या आवारातल्या दगडी चबुतऱ्यावर चढून उभा राहिला. तिथून वळणाचा दोन्ही अंगांचा रूळ स्पष्ट दिसायचा, आणि ती तीन एकर जागा त्यांची होती. त्यानं छाती भरून घेतली आणि हाळी दिली. दोन शेतांपलीकडं भट्टीवरच्या माणसांनीही फावडी थांबवली.

"कागुद फाडला, कागुद आला,
थ्रेडगिल वर्साचा गडी झाला,
हाल रं रुळा, हाल!"

आठ पहारी एकदम पडल्या आणि रूळ बोटभर सरकला.

"प्रुइट कप्तान लिवाय बसलं,
डोशाबाईनं वाचून तपासलं,
हाल रं रुळा, हाल!"

आणखी बोटभर. प्रुइट लांब उकिडवा बसला होता, एक डोळा मिटून, आणि मुकाट्यानं हातानं दावत होता. इकडं घ्या. तिकडं घ्या. प्रत्येक हाळीत त्याचं नाव येत होतं आणि प्रत्येक हाळीला रूळ हलत होता. करतो काय? चौथ्या हाळीला रूळ जागेवर बसला. कफीनं त्यावर वाकून पाहिलं आणि म्हणाला, "डोशावहिनीच्या भांगासारका सरळ!"

गडी बाजूला झाले तोवर इंजिन वळणावर आलं. मागं लाल मुलखाचं काळं लोखंड, त्यामागं साहेबांचा डबा. गाडी चर्चला वळसा घालून गेली. डब्यात एका साहेबाच्या हातात सरबताचा पेला होता, त्यातला थेंबही सांडला नाही.

पुढच्या फाटकावर शेरीफच्या माणसाची रिकामी घोडागाडी खोळंबून उभी होती. आगगाडी शेवटच्या डब्यापर्यंत जाईतो त्याला तिथंच थांबावं लागलं. ओबेड चबुतऱ्यावर उभा राहून त्या रिकाम्या गाडीकडं बघत होता. मग त्यानं कागद नीट घडी करून छातीशी ठेवला, खाली उतरला, आणि डोशानं आणलेल्या जेवणाच्या डब्यात राहिलेली काकवी बोटानं पुसून खाल्ली. आता घास चांगला उतरत होता.

त्यानंतर ओबेडनं त्या रुळावर एकोणीस वर्षं हाळी दिली. मुकादम सहा बदलले. गाऊ नको असं त्याला परत कुणी म्हणालं नाही.