चुलीवर फोडणी पडली नाही तेव्हा

मंडळी, आजचीच गोष्ट आहे. कापसाच्या गाड्यांमागची धावपळ घटकाभर थांबवा आणि ऐका.

संधिवातानं माझी बायको खाटेला खिळली आहे, बोटं पार वाकडी झाली आहेत. तिला मीच भरवतो. तिच्या वाटीत उरलेली पेज मी उभ्या उभ्या पिऊन टाकतो आणि ‘जेवलो’ म्हणतो.

आज दुपारी वाटी पुढे केली, तर तिनं ओठच मिटून घेतले.

“काहून वं?”

“तुमी जेवले काय?”

“केव्हाच!”

“खोटं बोलून राहिले. किती दिवस झाले, घरात फोडणीचा वास नाही. मी खाटेवर पडली, माह्यं नाक नाही पडलं. सकायी पाणी सांडलं तं केवढे खेकसले माह्यावर! उपाशी माणूस असाच खेकसते. तुमी खाल्ल्याबिगर मी खात नाही.”

मग काय, चूल पेटवली. भाकर थापली, ती गोल सोडून सगळ्या आकारांची झाली. तुरीच्या वरणाला लसणाची फोडणी दिली आणि तिच्या खाटेशी बसून पोटभर जेवलो. डोक्यातली भणभण उतरली. मग तिनंही पेज घेतली.

भेटायला येणारे तिच्यासाठी डाळिंबं आणतात आणि मला कापसाचा भाव सांगून जातात. मी जेवलो का, हे विचारणारं अख्ख्या अमरावतीत एकच माणूस निघालं, तेही खाटेवरचं.

तुमच्यापैकी कोणी घरचं आजारी माणूस सांभाळत असेल, तर आज ताट वाढून, बसून जेवा. आणि खरं सांगा, तुम्हाला कोण विचारतं?